गाय न ओळखणारा सिरोन्का

सिरोन्काला गाय ओळखता येत नाही. आमच्या लोइताच्या डोंगराखाली आता हे शेंबडं पोरही सांगेल, आणि सगळ्यांत मोठ्यानं सिरोन्का स्वतःच सांगतो. पण पन्नाशी उलटेपर्यंत ही गोष्ट आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, अशी बिचाऱ्याची समजूत होती. मासाईला गाय ओळखता येत नाही म्हणजे काय, हे कसं सांगावं? सुताराला लाकूड कळेनासं झालं तर तो निदान दुसरा धंदा बघेल. आम्हाला दुसरा धंदा आहे कुठं? देवानं आभाळातनं गाई खाली सोडल्या त्या आमच्यासाठी, असं आम्ही जगाला छाती काढून सांगतो. त्यातल्या आपल्या कोणत्या हेच ज्याला कळत नाही, त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

आमच्यात गाई मोजत नाहीत. मोजलेल्या कळपाला नजर लागते, गाई झडतात. आणि मोजायची गरज तरी कुणाला पडते? संध्याकाळी कळप आत येताना घरधनी काटेरी कुंपणाच्या दाराशी काठीला टेकून उभा राहतो. गाई अंगावरनं जातात आणि त्याला आपोआप कळतं की अमकीची थोरली लेक आली नाही. जेवायला बसल्यावर घरातलं कोण नाही हे कळायला कुणी माणसं मोजत बसतं का? तसंच ते.

सिरोन्काही तसाच उभा राहायचा. काठी तशीच, एक पाय गुडघ्याशी मुडपलेला, नजर अशी करारी की बघणाऱ्याला वाटावं, गाईच्या पोटातलं गवतसुद्धा याला दिसतंय. आणि मनातल्या मनात चाललेलं असायचं, एक, दोन, तीन, चार.

मोजायला तो शाळेत शिकला. एके साली सरकारचा माणूस वस्तीवर आला. घरटी एक मुलगा शाळेत पाहिजे म्हणाला. सिरोन्काच्या बापानं पाचही पोरांना ओळीत उभं केलं आणि आदल्या दिवशी शेजाऱ्याची करडं आपली म्हणून हाकत आणणाऱ्या पोराला पुढं ढकललं. "हा न्या," तो म्हणाला, "हा गेला तर आमचं काही अडत नाही." सिरोन्का सांगतो, "माझी हुशारी बघून बापानं मला निवडलं, असं मी वर्षभर समजत होतो. बाकीचे चौघं गालात का हसत होते ते नंतर कळलं."

शाळेतही त्याचं फार दिवस निभलं नाही. अक्षरं काही केल्या डोक्यात राहिनात, सगळीच त्याला सारखी दिसत. आकडे तेवढे राहिले. मग मास्तरांनी विचार केला, मासाईचं पोर आहे, निदान गाय तरी राखील. मास्तरांकडं गाय एकच होती. एक न्यायची, एक आणायची, यात चुकायचं काय? तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई भांडं घेऊन बसल्या आणि गाईनं त्यांना भांड्यासकट उडवलं. ती पलीकडच्या पाद्रीबाबांची होती. सिरोन्का त्याच दिवशी घराकडं सुटला.

पुढं तो मोरान, म्हणजे वस्तीचा राखणदार भालाईत, झाला. भाला आला, लांब केस आले, लाल माती फासून पोरींपुढं उड्या मारणं आलं. उड्या तो बऱ्या मारायचा. एकदा वस्तीच्या काही गाई चोरीला गेल्या आणि सगळे मोरान माग काढत निघाले. पहाटे सिरोन्का चार गाई हाकत, गाणं म्हणत, छाती फुगवून परत आला. म्हाताऱ्यांनी पुढं होऊन बघितलं तर त्या चोरीला गेलेल्याच नव्हत्या. त्यानं त्या शेजारच्या वस्तीतून, झोपलेल्या माणसांच्या उशाशी जाऊन, मोठ्या शौर्यानं सोडवून आणल्या होत्या. "अंधार होता," तो म्हणाला. अंधार खरोखरच होता, म्हणून निभावलं.

नोलारीशी लग्न झालं तेव्हा तो मनातून हादरला होता. नोलारीच्या माहेरी गाईंची जाण अशी की त्यांची म्हातारी आजी आंधळी झाल्यावरही नुसत्या पाठीवरनं हात फिरवून गाईचं नाव सांगायची. नोलारी येताना एक लाल गाय घेऊन आली. त्या गाईची नात म्हणजे नान्योके. नान्योके म्हणजे लाल. आता नाव लाल आणि घरातला निम्मा कळप लाल, मग माणसानं करायचं काय?

त्यानं एक वाक्य तयार केलं. कुणीही कुठल्याही गाईबद्दल विचारलं की तो डोळे बारीक करायचा, जरा वेळ गप्प राहायचा आणि म्हणायचा, "ही आपल्या आईवर गेलीय." हे वाक्य जगातल्या कुठल्याही गाईला चालतं. समोरचा मान डोलवायचा, वा, काय नजर आहे म्हणायचा. असं करत करत त्याचं नाव इतकं झालं की लांबलांबची माणसं गाय दाखवायला त्याच्याकडं येऊ लागली. सिरोन्का डोळे बारीक करून बघायचा आणि तेच सांगायचा. ती माणसं समाधानानं परत जायची. आमच्या लोकांना गाईबद्दल कुणी चांगलं बोललं की पुरतं, खरं-खोटं बघायला कुणाला सवड आहे?

आणि बाकी सगळं कोइनेत बघायचा. कोइनेत त्याचा मुलगा. तो सुदैवानं आईवर गेला होता. कळप चारणं, पाण्यावर नेणं, आजारी गाय बाजूला काढणं, सगळं त्याच्याकडं. सिरोन्काकडं संध्याकाळचं दार तेवढं होतं. म्हातारा झालो की तेही सुटेल आणि कुणाला काही न कळता आपण मरून जाऊ, असा त्याचा हिशेब होता.

पण त्या साली पाऊस लांबला. गवत संपलं आणि एकेक करून गाई आटल्या. त्यातच कोइनेतची बायको रेसियातो बाळंत झाली. मुलगी झाली. पोर महिन्याची व्हायच्या आत रेसियातोला ताप भरला तो उतरेना, तिच्या अंगावरचं दूधही गेलं. कोइनेतनं तिला नारोकच्या दवाखान्यात नेलं आणि पोर आजीपाशी राहिली. तिचं नावसुद्धा अजून ठेवलं नव्हतं. शेळीचं दूध पाजलं की ओकायची. पाच घरं हिंडून नोलारी कुणाकुणाकडनं पळीभर दूध आणायची, पण सगळ्यांच्याच गाई आटलेल्या, रोज कोण देणार? अख्ख्या वस्तीत एकच गाय व्यायला टेकली होती, ती म्हणजे नान्योके. आज व्याईल, उद्या व्याईल असं चाललं होतं. नोलारी सकाळ-संध्याकाळ तिची कास चाचपायची आणि पोरीला म्हणायची, "थांब गं माझी बाई, आलंच तुझं दूध."

कळप आता सिरोन्कालाच न्यावा लागला. पहिले काही दिवस बरे गेले, कारण गाईंना वाट पाठ होती आणि तो त्यांच्या मागनं चालायचा. पाण्यापाशी मात्र त्या दिवशी मेपुकोरीचा कळप आधीच येऊन उभा होता. मेपुकोरी आणि सिरोन्का एकाच तुकडीत मोरान झालेले, कूळही एक. म्हणजे गाईंच्या कानाला काप तोच, पाठीवर डाग तोच. पाणी थोडं, गाई तहानलेल्या. दोन्ही कळप एकमेकांत घुसले आणि अशी धूळ उठली की सिरोन्काला स्वतःचे पाय दिसेनात. त्यानं घाईगर्दी केली नाही. तो बाजूला दगडावर बसला. पोट भरलं की आपल्या गाई आपणहून घराकडं निघतील, आपण मागं चालायचं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

तशा त्या निघाल्या. सिरोन्का उठला आणि मागं लागला. एक जडावलेली गाय पाण्याच्या काठाशीच रेंगाळून राहिली आणि दुसरीच एक हलकी गाय उगाच यांच्या घोळक्यात शिरली, हे दुसऱ्या कुठल्याही मासाईला झोपेतसुद्धा दिसलं असतं.

संध्याकाळी तो दाराशी उभा राहिला. काठी, पाय, नजर, सगळं जागच्या जागी. मोजलं, तर चौतीस. चौतीसच पाहिजे होत्या. त्याला इतका आनंद झाला की त्यानं दारावर काट्याची फांदी ओढताना गाणं म्हटलं. आत पोर रडत होती. नोलारी तिला घेऊन बसली होती, तिला बाहेर यायला जमलं नाही. तिनं आतनंच विचारलं, "नान्योके कशी आहे?"

"ठणठणीत," सिरोन्का म्हणाला. "आईवर गेलीय."

सकाळी उजाडता उजाडता नोलारी बाहेर आली. गाईंमधनं एक चक्कर मारली, दुसरी मारली.

"कोइनेतच्या बाबा, नान्योके कुठंय?"

"ही काय."

"ही?"

"ही म्हणजे ही. तुझ्यापुढं तर उभी आहे."

नोलारीनं गाईकडं बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. "ही मेपुकोरीकडची वांझ गाय आहे," ती म्हणाली. "तीन पावसाळे झाले, हिच्या पोटात काही ठरलं नाही. नान्योकेचं पोट जमिनीला टेकलं होतं."

"मला वाटलं, जरा उतरलं असेल."

यावर कुणीही हसलं असतं. नोलारी हसली नाही. आत पोर रडत होती आणि तिचा आवाज आता मांजराच्या पिलासारखा बारीक झाला होता. नोलारी म्हणाली, "ती रानात व्यायली तर तरसं सोडणार नाहीत. वासरू जाईल, तीही जाईल. मग या पोरीला मी काय पाजू?"

सिरोन्कानं त्या गाईच्या पोटाकडं पुन्हा एकदा बघितलं.

"काल दाराशी तुम्हीच उभे होता ना?"

"होतो."

"मग बघत काय होता?"

आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तीस वर्षं जपलेली गोष्ट अशी पटकन तोंडाबाहेर पडत नाही. "धूळ होती," तो म्हणाला. त्यानं मेपुकोरीची गाय पुढं घातली आणि तो निघाला.

वाटेत त्याच्या जिवात जीव नव्हता. कुठं गिधाडं फिरताहेत का ते तो आभाळात बघत चालला होता. पोर गेली तर कोइनेतला काय सांगायचं? तुझ्या बापानं गाई बरोबर मोजल्या होत्या म्हणून?

मेपुकोरीच्या वस्तीबाहेर झाडाखाली सगळी जुनी टोळी बसली होती. लाकडाच्या खळग्यांत खडे टाकायचा खेळ चालला होता. मेपुकोरी, त्याच्या शेजारी एका डोळ्याचा लेमेरिया आणि आणखी दोघं-तिघं, सगळे एकाच तुकडीतले. सिरोन्काला गाय हाकत येताना त्यांनी लांबूनच बघितलं होतं, तरी कुणी मान वर केली नाही. तो जवळ आला तेव्हा सुरू झालं.

"गाई कशा?"

"बऱ्या."

"पोरं कशी?"

"बरी."

"घरची?"

"बरी."

"काही बातमी?"

"काही नाही. सगळं ठीक."

आमच्यात घर जळालं असलं तरी आधी सगळं ठीक म्हणायचं असतं. मग बसायचं, तपकीर द्यायची, घ्यायची, पावसाबद्दल बोलायचं आणि मग सांगायचं की तेवढं एक घर जळालं. सिरोन्कानं सगळं रीतीप्रमाणं केलं. शेवटी तो म्हणाला, "तेवढी एक गाय इकडं आली असावी."

"आलीय ना," मेपुकोरी म्हणाला. "काल दारातनं शिरली तेव्हाच आमच्या बायकोनं सांगितलं, एक पाहुणी आलीय आणि आपली एक पाहुणचाराला गेलीय. मी म्हटलं, राहू दे, सिरोन्का सकाळी येईल. एवढा गाईंचा जाणकार माणूस, त्याला निरोप काय धाडायचा? जा, कळप अजून आतच आहे. तुझी ती घे."

सिरोन्का आत गेला. सगळे खेळ सोडून त्याच्या मागनं आले आणि कुंपणाशी उभे राहिले. आत बघावं तिकडं लाल गाई. पोट बघून निवडू, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. बघतो तर व्यायला आलेल्या एक नाही, तीन. तिन्ही लाल, तिघींना दोन-दोन शिंगं आणि एक-एक शेपूट. त्यानं डोळे बारीक केले. एकीच्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ गप्प राहिला, आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातनं आपोआप निघून गेलं, "ही आपल्या आईवर गेलीय."

"गेलीच असेल," मेपुकोरी म्हणाला. "तिची आई ती काय, मागं उभी आहे. दोघी माझ्याच."

मग जे हसू उसळलं ते काही थांबेना. लेमेरिया गंभीर तोंड करून म्हणाला, "अरे, तुझी ती कुंपणाजवळची नाही का? मी काल लगेच ओळखली." दुसरा म्हणाला, "छे, ती कसली? ती वाकड्या शिंगाची याची." तिसऱ्यानं तर एक म्हातारा बैल दाखवला. सिरोन्का ज्याच्या त्याच्या बोटाकडं बघत इकडून तिकडं जात होता, आणि तो खरंच जातोय हे बघून ती माणसं पोट धरून खाली बसली.

सिरोन्काही खाली बसला, होता तिथंच, शेणात.

"मला गाय ओळखता येत नाही," तो म्हणाला.

"चल, पुरे आता तुझी चेष्टा."

"चेष्टा नाही. लहानपणापासून येत नाही. संध्याकाळी दाराशी उभा राहून मी मोजतो."

हसू एकदम थांबलं. लेमेरियानं बाजूला थुंकून इडापिडा टाळली. "काय करतोस?"

"मोजतो. एक, दोन, तीन. शाळेत शिकलो होतो." सिरोन्कानं अंगावरच्या लाल कापडानं तोंड पुसलं. "आणि काल मोजणी बरोबर आली."

एवढं पाप कानावर पडल्यावर खरं तर माणसांनी उठून जायला पाहिजे होतं. पण 'मोजणी बरोबर आली' यावर मेपुकोरीला जे हसू फुटलं, त्यात बाकीचेही सामील झाले. सिरोन्कानं त्यांना हसू दिलं. त्याला राग आला नाही. तो सांगतो, त्यांच्या जागी मी असतो तर अजूनही हसत असतो. ती माणसं दमली तेव्हा तो म्हणाला, "उद्या मीही हसेन. आज घरी माझ्या नातीचा आवाज बसलाय. तिची आई दवाखान्यात आहे आणि घरात दुधाचा थेंब नाही. ती गाय घरी आली तर पोर जगेल. मला भीती वाटतेय, मेपुकोरी. माझ्या हातनं पोर जाईल. यातली कुठली नेऊ?"

मेपुकोरीनं मान खाली घातली. मग तो पुढं झाला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ती बघ. डावीकडची."

सिरोन्कानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मघाशी चेष्टा करताना जे तोंड होतं, तेच आताही होतं. "खरं?"

"खरं, गड्या. पोरांची शपथ."

मेपुकोरी खरंच बोलत होता. पण त्याच वेळी लेमेरियाला, नुसत्या सवयीनं, खुदकन हसू आलं. झालं. सिरोन्काचा कुणावर म्हणून विश्वास राहिला नाही. तो उठला, बुडाला लागलेलं शेण झटकलं, दारावरची काट्याची फांदी बाजूला ओढली आणि बाहेर चालू लागला.

"कुठं निघालास?"

"घरी."

"आणि गाय?"

"मला ती माहीत नाही," सिरोन्का म्हणाला, "पण तिला घर माहीत असेल."

प्रत्येकाची गाईंना हाक मारायची आपली एक तऱ्हा असते. सिरोन्काची हाक म्हणजे अर्धी शीळ आणि अर्धा खोकला, ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाच्या घशात हाड अडकलंय. त्यानं ती एकदा दिली, पुन्हा दिली आणि मागं न बघता चालत राहिला. मागनं हसल्याचा आवाज आला. मग तो आवाज बंद झाला. आणि थोड्या वेळानं त्याच्या पाठीमागं जमिनीवर खुरांचा आवाज यायला लागला, सावकाश, जड.

त्यानं वळून बघितलं नाही. बघून कळणार काय होतं? तो नुसता बोलत चालला. "तू कोण आहेस ते तुझं तुला ठाऊक. मेपुकोरीची असशील तर परत फिर बाई, घरी माझी बायको आहे, तिला सगळं कळतं. आमची असशील तर एवढंच कर, घरापर्यंत दम धर. काल तुला मी तिथं सोडून आलो. मोजणीत चौतीस भरल्या, मग पुढं मी बघितलंच नाही. माझी चूक आहे, पण तिचा राग त्या पोरीवर काढू नकोस." गाय ऐकत होती की नाही कोण जाणे. पावलं मात्र येत होती.

अर्ध्या वाटेवर ती थांबली. सिरोन्का वळला. गाय एका काटेरी झाडाच्या विरळ सावलीत आडवी झाली होती आणि मान ताणून हुंकारत होती.

आजवर अशा वेळी सिरोन्काचं काम म्हणजे चार हात लांब उभं राहून नोलारीला सूचना देणं. आता सूचना कुणाला देणार? तो गुडघ्यावर बसला. दोन खुरं बाहेर आली आणि तिथंच अडकली. गाय जोर करून करून दमली. त्यानं अंगावरचं कापड सोडलं, त्या निसरड्या पायांना गुंडाळलं आणि ओढायला लागला. देवाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, मास्तरांचंसुद्धा घेतलं. एकदम सगळं सुटलं आणि सिरोन्का उताणा पडला, वासरू त्याच्या छातीवर. ते हलेना. त्यानं त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, तोंडानं ओढून थुंकला, नाकात फुंकर मारली, पुन्हा मारली. वासरू शिंकलं, ते थेट याच्या तोंडावर. सिरोन्काला रडू कोसळलं. विचारलं तर सांगतो, धूळ होती.

गाईनं वासराला चाटून पुसून काढलं. तेवढा वेळ तो थांबला आणि मग तरस येण्याआधी वासरू मानेवर घेऊन निघाला. ओलं, थरथरतं वासरू, त्यानं वाटेत दोनदा त्याच्या पाठीवर धार सोडली. गाय मागनं त्याला ढुशा देत होती.

घर दिसायला लागलं तशी त्याची पावलं जड झाली. मेपुकोरीकडं पोटं तीन होती. ही त्यातली दुसरी किंवा तिसरी असली, तर आपण दुसऱ्याची गाय तिच्या वासरासकट घेऊन आलोय आणि आपली अजून तिथंच आहे. मग पुन्हा तेवढीच वाट, आणि पोर तोवर थांबेल का?

नोलारी दाराशी उभी होती, पोरीला कापडात छातीशी बांधून. सिरोन्का तिच्यापासून थोडा लांब थांबला. गाईच्या तोंडाकडं बघून त्याला आजवर काही कळलं नव्हतं, म्हणून तो बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला. नोलारी गाईकडं बघत होती. "नान्योके," ती हळूच म्हणाली, आणि गाय सिरोन्काला ओलांडून पुढं गेली आणि तिनं आपलं नाक नोलारीच्या खांद्याला लावलं.

"कुणी सांगितलं, ही आपली म्हणून?" नोलारीनं विचारलं.

"मेपुकोरी सांगत होता, पण ते सगळेच चेष्टा करत होते. म्हणून मी नुसता पुढं चालत राहिलो. ही मागं आली." तो जरा थांबला. "मला गाय ओळखता येत नाही, कोइनेतच्या आई. कुठलीच नाही."

ती आता हसेल किंवा बोलेल, म्हणून तो वाट बघत उभा राहिला. नोलारीनं त्याच्या मानेवरचं वासरू उतरवून कासेशी लावलं. ते पिऊ लागल्यावर दुसऱ्या सडातला चीक बोटावर घेऊन तिनं पोरीच्या तोंडात घातला. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि मग बोट सोडेना. नोलारीनं तिला कापडातून काढून, होता तसा शेणा-रक्तानं माखलेल्या सिरोन्काच्या हातात दिलं.

"म्हणजे या घरात तुम्हाला ओळखणाऱ्या आता आम्ही दोघी झालो, मी आणि नान्योके," ती म्हणाली, आणि दुधाचा तुंबा आणायला आत गेली.